मोटारीच्या टपावरील ऊन आणि मुंबईचा हिशेब

पेट्रोलचा मुंबईतील दर लिटरमागे शंभर रुपयांच्या पुढे गेल्यापासून, मोटारीच्या टपावर सौर पॅनेल बसवून इंधन वाचवता येईल का, हा प्रश्न हौशी तंत्रज्ञांपुरता न राहता सामान्य मोटारमालकापर्यंत येऊन पोहोचला आहे. ऊन फुकट आहे, टप रिकामाच असतो आणि पॅनेलच्या किमती गेल्या दशकात बऱ्याच उतरल्या आहेत, तेव्हा ही कल्पना वरवर पाहता बिनतोड वाटते. मात्र टपावर नेमकी किती वीज तयार होते, ती गाडीत कोणत्या कामी येते आणि गाडी दिवसभर उभी कुठे असते, या तीन गोष्टींचा एकत्र हिशेब मांडल्याखेरीज तिचे खरे मोल कळत नाही. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या दाट वस्तीच्या भागांत तर तिसऱ्या मुद्द्यावरच सगळे गणित फिरते, आणि मुंबईकराने तो सर्वांत आधी तपासण्याची गरज आहे.

टपावर तयार होणारी वीज

स्वच्छ आकाश असताना भर दुपारी एक चौरस मीटर जागेवर सुमारे १,००० वॅट इतकी सौरऊर्जा पडते. सिलिकॉनपासून बनवलेल्या आजच्या चांगल्या पॅनेलला त्यातील २० ते २२ टक्के ऊर्जेचेच विजेत रूपांतर करता येते. म्हणजे एका चौरस मीटरमागे साधारण २०० वॅट हाती लागतात. लहान हॅचबॅक गाडीच्या टपावर, वळणाच्या कडा आणि अँटेनाची जागा सोडली, तर एक ते दीड चौरस मीटरच सपाट पृष्ठभाग मिळतो. त्यामुळे अशा गाडीवर २०० वॅटचे, फार तर ३०० वॅटचे पॅनेल मावते. पॅनेलवर छापलेला हा आकडा प्रयोगशाळेतील आदर्श स्थितीतला असतो, हे येथे लक्षात ठेवावे लागते.

भूगोलाचा विचार केला तर मुंबईची बाजू भक्कम आहे. हे शहर १९ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास वसलेले असल्याने मे महिन्याच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य भर माध्यान्ही थेट डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाशीच पडते. यालाच शून्य सावलीचा दिवस म्हणतात. उत्तर युरोपात पॅनेल बरेच कलते ठेवावे लागते, तर मुंबईत टपावर आडवे पडलेले पॅनेलही फारसे नुकसान सोसत नाही. वर्षभराची सरासरी काढल्यास येथे दर चौरस मीटरवर रोज पाच युनिटच्या आसपास सौरऊर्जा पडते. एक युनिट म्हणजे १,००० वॅटचे उपकरण तासभर चालवण्यास लागणारी वीज. या हिशेबाने २०० वॅटचे पॅनेल दिवसभर मोकळ्या उन्हात राहिले, तर तापमान, धूळ आणि वायरिंगमधील घट वजा जाता त्यापासून पाऊण युनिट वीज मिळायला हरकत नाही.

ही घट क्षुल्लक नसते. सिलिकॉनचे पॅनेल २५ अंश सेल्सियसच्या वर तापू लागले की प्रत्येक अंशामागे त्याचे उत्पादन सुमारे ०.४ टक्क्याने घसरते. मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीचा पत्रा हाताला चटका बसेल इतका तापतो. पॅनेलचे तापमान ६५ अंशांवर गेले, तर १६ टक्के वीज त्या उष्णतेतच गमावलेली असते. इमारतीच्या गच्चीवरील पॅनेलखालून वारा खेळतो, पण टपाला चिकटवलेल्या लवचीक पॅनेलला तीही सोय नसते. जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत ढगांमुळे उत्पादन एप्रिल-मेच्या मानाने पुष्कळच खाली येते. तरीही वर्षाची सरासरी म्हणून पाऊण युनिटचा आकडा धरून चालण्यास हरकत नाही, कारण खरी अडचण यापुढे सुरू होते.

पेट्रोलच्या गाडीत ही वीज जाते कुठे?

पेट्रोल वा सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत चाके फिरवण्याचे काम इंजिन करते. विजेचा उपयोग ठिणगी पाडणे, इंधनाचा पंप चालवणे, इंजिनचे नियंत्रण करणारा संगणक, दिवे, वायपर, हॉर्न आणि केबिनमधील पंखा यांच्यापुरताच असतो. ही वीज अल्टरनेटर पुरवतो. अल्टरनेटर म्हणजे इंजिनला पट्ट्याने जोडलेले छोटे जनित्र. ते फिरवण्यासाठी इंजिनला थोडे जादा पेट्रोल जाळावे लागते. एक लिटर पेट्रोलमध्ये जवळपास नऊ युनिट इतकी ऊर्जा साठलेली असते, परंतु इंजिनमध्ये तिचा मोठा भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो आणि उरलेल्यातील पुन्हा चाळीस टक्के अल्टरनेटर व पट्टा खातात. चालू इंजिनवर पडणाऱ्या जादा भाराचा विचार केला, तर अल्टरनेटरमधून एक युनिट वीज काढण्यासाठी ढोबळमानाने अर्धा लिटर पेट्रोल खर्ची पडते.

सौर पॅनेलच्या समर्थकांचा युक्तिवाद नेमका येथून सुरू होतो, आणि तत्त्वतः तो बरोबर आहे. अल्टरनेटरची वीज इतकी महाग पडत असेल, तर तिच्या जागी सूर्याची वीज वापरल्यास इंजिनवरचा भार हलका होईल आणि मायलेज वाढेल. शहरातील वाहतुकीत ३०० ते ४०० वॅटचा विद्युत भार धरला, तर त्यापायी एकूण इंधनाचा साधारण दहावा हिस्सा जातो. रोजच्या पाऊण युनिटला अर्ध्या लिटरच्या दराने गुणले, तर दिवसाला पावणेचारशे मिलिलिटर पेट्रोल, म्हणजे चाळीस रुपयांच्या जवळपास बचत कागदावर दिसते. पॅनेल आणि चार्ज कंट्रोलर यांचा खर्च वर्षभरात भरून निघेल, असे त्यावरून कोणालाही वाटेल. चार्ज कंट्रोलर म्हणजे पॅनेलमधून येणारी वीज बॅटरीला सोसेल अशा दाबात बदलून देणारे उपकरण.

हा कागदी हिशेब बॅटरीपाशी येऊन अडतो. साध्या गाडीतील १२ व्होल्टची बॅटरी इंजिन सुरू करण्यासाठी असते, वीज साठवून ती तासन्‌तास पुरवण्यासाठी नव्हे. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत पूर्ण भरल्यावरही अर्ध्या युनिटहून कमीच वीज मावते, आणि स्टार्टर फिरवताना त्यातील अगदी किरकोळ भाग खर्च होतो, जो गाडी निघाल्यावर काही मिनिटांत अल्टरनेटर भरून काढतो. परिणामी गाडी कार्यालयापाशी येऊन उभी राहते तेव्हा बॅटरी भरलेलीच असते. त्यानंतर दिवसभर टपावर पडणारे ऊन म्हणजे काठोकाठ भरलेल्या पिंपावर नळ सोडून ठेवण्यासारखे असते: पॅनेल तयार आहे, ऊन आहे, पण वीज घ्यायला जागाच नाही.

राहता राहिला तो गाडी प्रत्यक्ष धावत असतानाचा वेळ. लालबागहून सकाळी नऊच्या सुमारास निघून पाऊण तासात फोर्टला पोहोचणाऱ्या गाडीचा विचार केला, तर त्या वेळचे ऊन तिरपे असते, रस्त्यावर इमारतींच्या सावल्या असतात आणि २०० वॅटच्या पॅनेलमधून सरासरी ८० वॅट निघाले तरी पुष्कळ झाले. पाऊण तासात त्यातून ६० वॅट-तास, म्हणजे ०.०६ युनिट वीज मिळते आणि तिची पेट्रोलमधील किंमत होते ३० मिलिलिटर, अर्थात तीन रुपये. संध्याकाळी सातच्या परतीच्या प्रवासात सूर्य मावळलेला किंवा मावळतीला टेकलेला असतो, त्यामुळे तेव्हा जवळजवळ काहीच मिळत नाही. वर्षाचे ३०० दिवस धरले तर बचत ९०० रुपयांच्या घरात जाते. पॅनेल, कंट्रोलर आणि जोडणी यांचा खर्च पंधरा हजार रुपये धरला, तरी तो वसूल होण्यास सोळा-सतरा वर्षे लागतील आणि तोवर पेट्रोल गाडीच्या नोंदणीची पंधरा वर्षांची मूळ मुदतही उलटून गेलेली असेल.

यावर काही प्रयोगशील मंडळींनी काढलेला तोडगा म्हणजे अल्टरनेटरचा पट्टाच काढून टाकणे आणि त्याऐवजी खोलवर उतरवली तरी न बिघडणारी मोठी बॅटरी बसवणे. परदेशात असे प्रयोग झाले आहेत आणि त्यातून मायलेज वाढल्याचेही दिसून आले आहे. पण त्यात गाडीचा विद्युत पुरवठा संपूर्णपणे ऊन आणि साठा यांच्या भरवशावर राहतो. पावसाळी रात्री दिवे, वायपर आणि काचेवरील धुके घालवणारा पंखा एकाच वेळी चालू असताना बॅटरी उतरली, तर पेट्रोल असूनही इंजिन बंद पडते. काही मॉडेलांत तर पॉवर स्टीअरिंगचा पंपही त्याच पट्ट्यावर चालतो. शिवाय आजच्या अनेक गाड्यांत ब्रेक दाबताना वाया जाणारी ऊर्जा वापरून बॅटरी भरणारी सौम्य हायब्रिड व्यवस्था असते. अशा गाडीत अल्टरनेटरची वीज आधीच बरीच स्वस्त झालेली असल्याने पॅनेलला वाचवायला फारसे काही उरत नाही.

उन्हात उभी केलेली गाडी

या साऱ्यापेक्षा मोठा घाटा बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. पॅनेलला ऊन मिळावे म्हणून गाडी उन्हात उभी करायची, तर केबिनही तापते. एप्रिल-मेमध्ये काचा बंद करून उन्हात ठेवलेल्या गाडीच्या आतील तापमान ५५ ते ६० अंशांपर्यंत चढू शकते. अशा गाडीत बसल्यावर पहिली दहा मिनिटे एसी पूर्ण जोराने चालवावा लागतो. पेट्रोलच्या गाडीत एसीचा कॉम्प्रेसर विजेवर नव्हे तर थेट इंजिनच्या पट्ट्यावर चालतो आणि सुरुवातीच्या काळात दोन ते तीन किलोवॅट शक्ती खेचतो. या दहा मिनिटांचे जादा पेट्रोल शंभर मिलिलिटरच्या पुढे जाते. म्हणजे पॅनेलने सकाळी वाचवलेल्या इंधनाच्या तीन-चार पट इंधन ऊन खाल्लेल्या केबिनपायी जळते. जो मालक हेच पंधरा हजार रुपये न खर्चता गाडी झाडाखाली लावतो, तो या हिशेबात सरळसरळ पुढे असतो.

याच कारणाने मोटार उद्योगाने सौर टपाचा पहिला व्यवहार्य उपयोग शोधला तो वायुवीजनासाठी. टोयोटाने २००९ मध्ये आणलेल्या तिसऱ्या पिढीच्या प्रियस गाडीत सौर टपाचा पर्याय दिला होता. गाडी उभी असताना त्या विजेवर एक पंखा फिरत राही आणि आतील कोंडलेली गरम हवा बाहेर टाकून केबिन बाहेरच्या हवेइतकी निवती ठेवण्याचा प्रयत्न करी. पंख्याला अवघी काही डझन वॅट पुरतात, ऊन जितके कडक तितकी हवा फेकण्याची गरज अधिक आणि वीजही अधिक, त्यामुळे पुरवठा आणि मागणी येथे आपसूक जुळतात. साध्या गाडीच्या बाबतीत पॅनेलचा दुसरा प्रामाणिक उपयोग म्हणजे बॅटरी उतरू न देणे. मुंबईत आठवडाभर लोकलने प्रवास करून रविवारीच गाडी बाहेर काढणारी असंख्य कुटुंबे आहेत. घड्याळ, चोरीविरोधी यंत्रणा आणि संगणक यांच्या सूक्ष्म वापरामुळे काही आठवड्यांत बॅटरी बसते. अशा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेले दहा-वीस वॅटचे छोटे पॅनेल ती टवटवीत ठेवते. त्याने मायलेज वाढत नाही, पण मेकॅनिकला बोलावण्याची वेळ टळते.

गल्ली, झाड आणि टॉवर

वरील सर्व आकडे गाडी उन्हात असते असे गृहीत धरतात. गिरगावात ठाकूरद्वार, मुगभाट किंवा फणसवाडीच्या बाजूला तीन-चार मजली चाळी इतक्या जवळ उभ्या आहेत की बोळाच्या तळाशी ऊन पोहोचते ते दुपारच्या दोन-अडीच तासांपुरते. दादरच्या हिंदू कॉलनीत, पारशी कॉलनीत आणि शिवाजी पार्कच्या भोवती रस्त्यांवर जुन्या वृक्षांची छाया असते, जी माणसांना हवीहवीशी आणि पॅनेलला नकोशी. परळ-लालबागमध्ये गिरण्यांच्या जमिनींवर उभ्या राहिलेल्या टॉवरमधील गाड्या तळघरात किंवा पोडियमच्या मजल्यांवर एकावर एक लागतात, जिथे ऊन कधीच येत नाही. आणि ज्या जुन्या इमारतींना वाहनतळच नाही, तेथील गाड्या उड्डाणपुलाखाली किंवा त्याच टॉवरच्या लांबलचक सावलीत उभ्या असतात.

सावलीमुळे होणारे नुकसान तिच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात नसते, हा तांत्रिक मुद्दा येथे समजून घ्यायला हवा. पॅनेलमधील घट, म्हणजे सेल, एकामागोमाग एक अशा साखळीत जोडलेले असतात आणि साखळीतून वाहणारा प्रवाह सर्वांत दुबळ्या घटावर ठरतो. विजेच्या तारेची, फांदीची किंवा टपावरील कॅरिअरच्या दांडीची सावली एकाच घटावर पडली, तरी त्या ओळीतील सगळ्या घटांचे उत्पादन कोसळते. हे टाळण्यासाठी पॅनेलमध्ये बायपास डायोड बसवतात, जे सावलीतील भागाला वळसा घालून उरलेल्या भागाची वीज पुढे जाऊ देतात. पण साध्या पॅनेलमध्ये असे तीनच डायोड असल्यामुळे एका छोट्या सावलीने एकतृतीयांश पॅनेल बाद होऊ शकते. दादरसारख्या भागात कबुतरे आणि कावळे टपावर जे सोडून जातात, त्याचाही परिणाम असाच होतो. त्यात बांधकामांची सिमेंटमिश्रित धूळ आणि समुद्रावरून येणारा खारा दमट वारा यांची भर पडते, त्यामुळे पॅनेल वरचेवर पुसावे लागते आणि त्याची जोडणी गंजते.

टॅक्सी आणि बस

खासगी गाडीपेक्षा टॅक्सीचे गणित थोडे बरे बसते, कारण ती दिवसभर रस्त्यावर असते आणि तयार झालेली वीज लगेच वापरली जाते. काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनीच्या टपावर पॅनेल नव्हे, सामानाचा कॅरिअर असे. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस या गाड्या मुंबईच्या रस्त्यांवरून अधिकृतपणे निवृत्त झाल्या आणि त्यांची जागा छोट्या बांधणीच्या सीएनजी गाड्यांनी घेतली. अशी एखादी टॅक्सी सकाळपासून संध्याकाळपर्यंत गिरगाव ते दादर फेऱ्या मारत राहिली आणि निम्मा वेळ सावलीत गेला असे धरले, तर २०० वॅटच्या पॅनेलमधून साधारण ०.४ युनिट वीज मिळेल. सीएनजीच्या भाषेत हा सव्वाशे-दीडशे ग्रॅम वायू झाला, ज्याची किंमत किलोला ८० रुपयांच्या दराने दहा-बारा रुपये होते. हा फायदा खासगी गाडीच्या तिपटीहून अधिक असला, तरी त्यासाठी टपावरील सामानाची जागा सोडावी लागते, आणि स्टेशनवरून बोजे घेऊन निघणाऱ्या प्रवाशांवर ज्याचा धंदा चालतो त्याला ती सोडणे परवडत नाही.

बेस्टच्या विद्युत बसचा टप मोठा असतो: १२ मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद, म्हणजे ३० चौरस मीटर. एसी आणि इतर यंत्रणांनी त्यातील निम्मी जागा व्यापली असे धरले, तर उरलेल्या भागात तीन किलोवॅटचे पॅनेल मावेल आणि मोकळ्या उन्हात दिवसाला बारा युनिट वीज देईल. वातानुकूलित विद्युत बसला किलोमीटरमागे एक युनिटहून थोडी अधिक वीज लागते, तेव्हा या बारा युनिटांत दहाएक किलोमीटर अंतर कापले जाईल. दिवसाला दीडशे किलोमीटर धावणाऱ्या बसच्या दृष्टीने हा सात टक्क्यांच्या आतबाहेरचा वाटा आहे. नगण्य नव्हे, पण निर्णायकही नव्हे. फेब्रुवारी २०२३ पासून दक्षिण मुंबईत धावू लागलेल्या विद्युत दुमजली बसचा टपही साध्या बसएवढाच असतो, मात्र वाहून न्यायचे वजन आणि थंड ठेवायची जागा दुपटीकडे झुकते, म्हणून तिथे हा वाटा आणखी घटतो.

रेल्वेने हाच विचार वेगळ्या पद्धतीने केला. जुलै २०१७ मध्ये दिल्लीच्या सफदरजंग स्थानकावरून सुरू झालेल्या डिझेल लोकलच्या डब्यांवर प्रत्येकी ३०० वॅटची सोळा पॅनेले बसवण्यात आली. गाडी ओढण्याचे काम डिझेल इंजिनकडेच राहिले, पण डब्यांतील दिवे आणि पंखे यांच्यासाठी वेगळ्या बॅटरीत सौरवीज साठवली गेली. वर्षाला एका गाडीमागे २१,००० लिटर डिझेल वाचेल असा रेल्वेचा अंदाज होता. केरळात वैकोम आणि तवणक्कडव यांच्यामध्ये जानेवारी २०१७ पासून चालणारी ७५ आसनी ‘आदित्य’ बोट तर जवळजवळ सर्वस्वी उन्हावर चालते. रुंद सपाट छप्पर, वर मोकळे आकाश, संथ वेग आणि ठरावीक छोटा फेरा या बोटीला लाभलेल्या चारही गोष्टी गिरगावच्या गल्लीत उभ्या असलेल्या मोटारीला दुर्मीळ आहेत.

विद्युत मोटारीचा मार्ग आणि पुण्याची ‘ईव्हा’

साध्या गाडीत विजेला जागा नसते, ही अडचण हायब्रिड आणि विद्युत मोटारींत नाहीशी होते, कारण त्यांच्या मोठ्या बॅटरीत आलेली प्रत्येक वीज साठते आणि थेट चाकांपर्यंत पोहोचते. ह्युंदाईने २०१९ मध्ये कोरियात सोनाटा हायब्रिडला सौर टप दिला, तेव्हा रोज सहा तास ऊन मिळाल्यास वर्षाला १,३०० किलोमीटर अंतराची भर पडेल, असे कंपनीने सांगितले. टोयोटाने त्याच वर्षी शार्प कंपनी आणि जपानची नेडो ही सरकारी संशोधन संस्था यांच्या साथीने प्रियसच्या टपावर, बॉनेटवर आणि मागच्या भागावर ३४ टक्क्यांहून अधिक कार्यक्षमतेचे घट बसवून ८६० वॅटपर्यंत मजल मारली. उभ्या गाडीत दिवसाला ४४ किलोमीटरहून अधिक अंतराची वीज मिळवण्याचे ते उद्दिष्ट होते. मात्र उपग्रहांच्या तोडीचे हे घट बाजारातील मोटारीला परवडण्याजोगे नाहीत. नेदरलँड्समधील लाइटइयर कंपनीने अडीच लाख युरो किमतीची सौर मोटार बनवली आणि काही आठवड्यांतच, जानेवारी २०२३ मध्ये तिचे उत्पादन थांबवावे लागले. पाठोपाठ फेब्रुवारीत जर्मनीतील सोनो मोटर्सने आपली ‘सायन’ मोटार रद्द केली.

याच्या अगदी उलट दिशेने गेलेला प्रयत्न महाराष्ट्रातला आहे. पुण्याच्या वायवे मोबिलिटी या कंपनीने जानेवारी २०२३ च्या ऑटो एक्स्पोत ‘ईव्हा’ या सौर-विद्युत मोटारीचा नमुना दाखवला आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या भारत मोबिलिटी प्रदर्शनात तिच्या किमती जाहीर केल्या. दोन प्रौढ आणि एक मूल बसेल एवढ्या या छोट्या गाडीची किंमत, बॅटरी भाड्याने घेण्याच्या योजनेत, सव्वातीन लाख रुपयांपासून सुरू होते आणि सौर टपापासून वर्षाला ३,००० किलोमीटरपर्यंत अंतर मिळेल असा कंपनीचा दावा आहे. या दाव्यामागचे मर्म पॅनेलमध्ये नसून गाडीच्या वजनात आहे. नऊ युनिटच्या बॅटरीवर १२५ किलोमीटर, हा कंपनीने दिलेला आकडा घेतल्यास ही गाडी किलोमीटरमागे ७२ वॅट-तास खर्च करते, तर नेहमीची विद्युत मोटार त्याच्या दुपटीच्या जवळपास खर्च करते. पॅनेल तेवढेच, ऊनही तेवढेच, पण हलक्या गाडीला ते दुप्पट अंतर नेते. अर्थात रोजचे आठ-दहा किलोमीटर मिळवायचे, तर या गाडीलाही दिवसभर उघड्यावर उभे राहणे भाग आहे.

कायदा आणि सुरक्षितता

बाजारातून पॅनेल आणून टपावर बसवण्यापूर्वी कायद्याची बाजू पाहणे आवश्यक ठरते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हे तत्त्व ठामपणे अधोरेखित केले. त्यामुळे कायमस्वरूपी जोडणी करण्याआधी दक्षिण आणि मध्य मुंबईतील मालकांनी ताडदेवच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे चौकशी करणे शहाणपणाचे आहे. काच आणि ॲल्युमिनियमच्या चौकटीचे पॅनेल पंधरा-वीस किलो वजनाचे असते. टपाला छिद्रे पाडल्यास पावसाचे पाणी झिरपून पत्रा गंजतो, आणि द्रुतगती मार्गावर वाऱ्याचा अडथळा वाढून वाचवलेले इंधन तेथेच गमावले जाते. फ्यूज न घालता केलेली वायरिंग आगीला निमंत्रण देते.

पॅनेलची खरी जागा

गाडीला सूर्याची वीज देण्याचा याहून सरळ मार्ग इमारतीच्या गच्चीवरून जातो. मुंबईत गच्चीवर बसवलेले एक किलोवॅटचे पॅनेल वर्षाला सुमारे १,४०० युनिट वीज देते आणि त्याला आठ-दहा चौरस मीटर जागा पुरते. चार्जिंगमधील घट वजा जाता एवढ्या विजेवर साधारण विद्युत मोटार वर्षभरात आठ-नऊ हजार किलोमीटर धावते, जे शहरातल्या कौटुंबिक वापराला पुरेसे आहे. गाडी तळघरात असो वा झाडाखाली, गच्चीवरचे पॅनेल काम करतच राहते. नेट मीटरिंगच्या सोयीमुळे दिवसा तयार झालेली जादा वीज वितरण कंपनीच्या जाळ्यात जाते आणि तिची वजावट बिलात मिळते. फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना लिफ्ट, पंप यांसारख्या सामाईक सुविधांसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपयांचे अनुदान आहे आणि त्यात वाहनांचे चार्जिंगही धरलेले आहे.

हा मार्ग सर्वांना सारखाच खुला नाही. गिरगाव-लालबागमधील पगडीच्या इमारतींत गच्ची घरमालकाच्या ताब्यात असते, अनेक चाळींवर कौले किंवा पत्रे असतात आणि पुनर्विकास तोंडावर असलेल्या इमारतीत कोणी वीस-पंचवीस वर्षांची गुंतवणूक करायला धजत नाही. चाळीस मजली टॉवरची गच्ची तर तेथील शेकडो गाड्यांच्या मानाने अगदीच अपुरी पडते. तरी दादर-माटुंग्याच्या चार-पाच मजली सहकारी संस्था, शाळा-महाविद्यालयांच्या इमारती आणि बेस्टच्या आगारांतील शेड यांवर ऊन आजही बिनवापर पडून आहे. पेट्रोलच्या गाडीचे मायलेज वाढवू पाहणाऱ्याने टायरमधील हवा वेळेवर तपासावी, गाडी सावलीत लावावी आणि टप मोकळा ठेवावा; ज्याला सूर्यावर गाडी चालवायची आहे, त्याने पॅनेल विकत घेण्यापूर्वी गच्चीचा विषय आपल्या सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत मांडावा.